पेरणीआधी जमिनीत गॅस: अमोनियाच्या तहानेची गोष्ट

मागच्या एप्रिलमध्ये माझे सासरे सिल्लोडहून आमच्याकडे ब्लूमिंग्टनला आले होते. ब्लूमिंग्टन इलिनॉय राज्याच्या मध्यावर आहे. आमची मॅक्लीन काउंटी अमेरिकेत सर्वाधिक मका पिकवणाऱ्या जिल्ह्यांत कायम वरच्या क्रमांकावर असते. मामांनी आयुष्यभर मका, कापूस आणि मिरची केली, त्यामुळे ते सारखे गाडीच्या खिडकीतून शेतंच बघत होते. शहराबाहेर पडल्यावर समोर एक ट्रॅक्टर लागला. त्याच्यामागे एकीला एक जोडलेल्या दोन पांढऱ्या लांबट टाक्या होत्या, आपल्याकडच्या गॅस टँकरची पिल्लं शोभाव्यात अशा. मामांनी विचारलं, “पोरी, हा गॅस कुठं चाललाय?” मी म्हटलं, “शेतात, मामा. पेरणीआधी जमिनीत सोडतात.” त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींकडूनही हा प्रश्न दर वसंतात येतो. टाक्या कसल्या आहेत, त्यांच्यावर धोक्याची खूण का आहे, जवळ घर घेतलं तर चालेल का, आणि जमिनीत वायू सोडला तर तो उडून जात नाही का? २०१९ मध्ये बीच पार्क गावात अशाच एका टाकीतून गळती झाली. २०२३ मध्ये ट्युटोपोलिसजवळ टँकर उलटून माणसं दगावली. दोन्ही गावं आमच्याच राज्यातली, त्यामुळे हे प्रश्न आता नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाहीत. म्हणून सगळं मुळापासून सांगते.

‘अनहायड्रस’ म्हणजे काय?

टाकीवर मोठ्या अक्षरांत ‘अनहायड्रस अमोनिया’ असं लिहिलेलं असतं. अनहायड्रस म्हणजे निर्जल, ज्यात पाण्याचा अंशही नाही असा. इथले शेतकरी त्याला नुसतं ‘अनहायड्रस’ किंवा ‘एनएच-थ्री’ म्हणतात, कारण त्याच्या एका रेणूत नत्राचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू असतात. मी यापुढे नुसतं अमोनिया म्हणेन.

याचा वास तुम्हाला ठाऊक आहे. बंद गोठ्यात सकाळी शिरल्यावर गोमूत्राचा जो उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो, तो अमोनियाचा. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा तेव्हा नाकात जाणाऱ्या झणक्यातही त्याचा वाटा असायचा. कोकणात मासळी बंदराजवळ राहणाऱ्यांनी बर्फाच्या कारखान्याभोवती तो कधी ना कधी हुंगलेला असतो, कारण बर्फ करण्याच्या यंत्रात हाच वायू फिरतो.

साध्या हवेच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे आपल्या रोजच्या हवेत तो वायूच असतो. तो द्रवरूप ठेवायचा तर दाबाखाली कोंडावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसचं सिलिंडर आठवा. हलवलं की आत द्रव हिंदकळतो, पण शेगडीपर्यंत येतो तो वायूच. शेतातल्या टाकीतही हीच रीत आहे. वसंतातल्या १६ अंशांच्या दिवशी टाकीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तिप्पट असतो. उन्हाळ्यात पारा ३८ वर गेला की तो सहापटीच्या घरात जातो. म्हणून टाकी काठोकाठ न भरता ८५ टक्क्यांवर थांबवतात, तापल्यावर द्रवाला फुगायला जागा राहावी म्हणून. टाकीचा पांढरा रंगही ऊन परतवण्यासाठीच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. निर्जल अमोनियाला पाण्याची प्रचंड तहान असते. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कारण मीठ हवेतला ओलावा खेचून घेतं. अमोनियाची ओढ त्याहून कितीतरी पटींनी जास्त आहे. एक लिटर पाण्यात हा वायू शेकडो लिटर मावतो. पाणी मातीत असो, डोळ्यात असो की छातीत, अमोनिया त्याच्याकडे झेपावतो. हे खत जमिनीत टिकतं ते या तहानेमुळे आणि माणसाला जाळतं तेही तिच्यामुळेच.

एवढा खटाटोप कशासाठी?

पिकाला नत्र लागतं आणि अमोनियात ते ठासून भरलेलं असतं: वजनाच्या ८२ टक्के. युरियात ४६ टक्केच. इथे मक्याला एकरी ८० किलोच्या आसपास नत्र देणं नेहमीचं आहे, कारण उत्पादनच एकरी ५० क्विंटलच्या घरात असतं. तेवढ्या नत्रासाठी अमोनिया लागतो १०० किलो. तेच युरियातून द्यायचं तर आपल्याकडच्या ४५ किलोच्या चार गोण्या लागतात. साधारण हजार गॅलनच्या एका टाकीत दोन टन अमोनिया मावतो. म्हणजे एका टाकीत वीसेक एकर उरकतं.

शिवाय युरिया मुळात अमोनियापासूनच बनतो. आधी अमोनिया करायचा, मग त्याची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घालून पांढरे दाणे पाडायचे. अमोनिया थेट वापरणारा शेतकरी ही मधली पायरी आणि तिचा खर्च वगळतो. म्हणून किलोमागे नत्र इथे बहुधा अमोनियातच स्वस्त पडतं. बहुधा म्हणते, कारण २०२० मध्ये टनाला ५०० डॉलरच्या आसपास असलेला भाव रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर २०२२ च्या वसंतात १,४०० डॉलरच्या वर गेला होता. अमोनियातला हायड्रोजन येतो नैसर्गिक वायूतून. त्यामुळे वायू महागला की खत महागतं, मग ते इलिनॉयमधलं असो की अलिबागजवळच्या थळचं.

हवेतला नत्र पकडून अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली. कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला तिचा कारखाना उभा केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने दारूगोळ्यासाठी अमोनियाचे मोठे कारखाने काढले. युद्ध संपल्यावर तो माल खपवायला शेती सापडली. मिसिसिपी राज्यात स्टोनव्हिलच्या संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात अमोनिया थेट जमिनीत सोडण्याचे प्रयोग झाले आणि तिथून ही पद्धत मक्याच्या पट्ट्यात पसरली.

पण वायू उडून जाणार नाही का?

मामांनी हाच प्रश्न तीनदा विचारला आणि तो अगदी योग्य होता. मी त्यांना तिफणीची आठवण दिली. तिफणीत फण माती उघडतो, फणामागच्या नळीतून बी पडतं आणि मागून माती ओढली जाते. इथलं अवजार तेच काम करतं, फक्त अवाढव्य. ट्रॅक्टरमागे चाळीस-पन्नास फूट रुंदीची लोखंडी चौकट असते, तिला टूलबार म्हणतात. तिच्यावर दर ३० इंचांवर सुरीसारखा अरुंद फण असतो. प्रत्येक फणाच्या पाठीला एक बारीक नळी असते. फण जमीन सहा ते आठ इंच खोल चिरतो, नळीतून अमोनिया तळाशी सुटतो आणि मागच्या तबकड्या लगेच चीर बुजवतात. या सगळ्याच्या मागे ती पांढरी टाकी ओढली जात असते.

दाबातून सुटताच अमोनियाचा वायू होऊ लागतो आणि तो मोकळ्या हवेकडे निघतो. वाटेत त्याला मातीतला ओलावा भेटतो. तिथे तो थबकतो आणि पाण्यात विरघळतो. विरघळताना त्याला हायड्रोजनचा आणखी एक कण चिकटतो आणि तो अमोनियम होतो. इथे डाव पालटतो, कारण अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर ऋण. दोघं एकमेकांना धरून ठेवतात. काही क्षणांपूर्वी पळू पाहणारा वायू आता फणाच्या रेषेभोवती तीन-चार इंचांच्या पट्ट्यात मातीला बिलगून बसलेला असतो.

यासाठी मातीत वाफसा हवा. वाफसा हा आपला शब्द या कामाला इतका चपखल बसतो की मला इथल्या शेतकऱ्यांना तो शिकवावासा वाटतो. ते ‘फिट’ झाली म्हणतात, पण त्यात मातीतल्या वाफेचा, ओलीचा अंदाज येत नाही. जमीन फार कोरडी असेल तर ढेकळं निघतात, चीर बुजत नाही आणि ढेकळांमधल्या पोकळीतून अमोनिया वर येतो. फार ओली असेल तर उलटी गत होते. कुंभाराच्या ओल्या गोळ्यावर सुरी फिरवावी तशी फणाची चीर दोन्ही बाजूंनी गुळगुळीत होऊन उघडीच राहते. ओलावा भरपूर असूनही वायूला वर यायला सरळ वाट मिळते. हातात मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, अशी माती असेल तर चीर मिटते आणि खत आत राहतं.

हे ठरवायला इथले जाणते शेतकरी फार साधी रीत वापरतात. पहिला फेरा मारल्यावर ट्रॅक्टर थांबवून वाऱ्याच्या बाजूने चालत मागे येतात आणि वास घेतात. मागच्या तासावर वास रेंगाळत असेल तर फण खोल करतात, वेग कमी करतात किंवा सरळ घरी जाऊन दोन दिवस थांबतात. बांधाशी वळताना फण वर उचलला की पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो, तो बघून घाबरू नये. अमोनिया स्वतः बिनरंगी असतो. त्याच्या गारठ्याने हवेतली वाफ गोठून ते धुकं दिसतं. पण फण जमिनीत असतानाही मागे पांढरा पट्टा दिसत असेल तर खत आणि पैसा दोन्ही हवेत चाललेत.

मग माणसाला धोका किती?

धोका आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. एखाद्या रबरी नळीला चीर गेली, जोडणी नीट बसली नाही, झडप उघडी राहिली, तर दाबातला द्रव फवारा होऊन अंगावर येतो. तो इतका थंड असतो की कपडा कातडीला चिकटून गोठतो. त्याच वेळी तो कातडीतलं पाणी शोषत असतो. आणि सर्वात जास्त पाणी असतं डोळ्यांत, घशात, फुप्फुसांत. अमोनिया पाण्यात मिसळला की जहाल अल्क बनतो, चुन्याच्या निवळीच्या जातीचा. डोळ्यात गेला तर काही मिनिटांत दृष्टी जाऊ शकते. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे ३०० भाग झाले की तिथे थांबणं जिवाला तत्काळ धोक्याचं मानलं जातं. नाकाला मात्र तो त्याच्या कितीतरी आधी कळतो. निसर्गाने दिलेली ती सूचना आहे, तिचा मान ठेवायचा.

२५ एप्रिल २०१९ च्या पहाटे शिकागोच्या उत्तरेला बीच पार्कमध्ये एक ट्रॅक्टर दोन टाक्या ओढत रस्त्याने चालला होता आणि गळती झाली. वारा पडलेला होता. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर निघून जाईल असं वाटतं. पण एकदम बाहेर पडलेला थंडगार अमोनिया ओलावा घेऊन जड होतो आणि ढगासारखा जमिनीलगत सरपटतो. पहाटेच्या अंधारात लोकांना तो साधं धुकं वाटला. मदतीला धावलेले पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोकही त्यात सापडले. ऐंशीहून जास्त जणांना रुग्णालयात जावं लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्युटोपोलिसजवळ एका टँकरला ओव्हरटेक करणाऱ्या गाडीमुळे टँकर रस्त्याकडेला जाऊन उलटला, त्याला भोक पडलं आणि पाच जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. तो शेतातला नव्हे, महामार्गावरचा अपघात होता. पण टाकीत हाच माल होता.

म्हणून मध्य-पश्चिम अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना कळकळीने सांगते. टाक्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी २५ मैलांच्या पुढे जात नाही. कामाला उशीर होत असला तरी मागे अंतर ठेवून थांबा, घाईने ओव्हरटेक करू नका. रस्त्यावर पांढरा लोट आणि झोंबणारा वास आला तर गाडी त्यात घालू नका. मागे फिरा आणि वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा. घरात असाल तर दारं-खिडक्या लावून एसी बंद करा. अंगावर किंवा डोळ्यात गेलाच तर एकच औषध, पाणी. निदान १५ मिनिटं सतत वाहतं पाणी आणि मग डॉक्टर. मलम, तेल, हळद काही लावू नका. प्रत्येक शेतटाकीवर पाच गॅलन स्वच्छ पाण्याचा डबा असतो, तो याचसाठी. अमोनियाला पाणी हवंच आहे, मग आपल्या डोळ्यातलं घेण्याआधी त्याला बाहेरचं द्यायचं. आणि आपली मुलं शेतकडेला सायकल चालवत गेली तर रिकाम्या दिसणाऱ्या टाकीपाशीही थांबू नये, हे त्यांना आजच सांगा. रिकामी म्हटलेल्या टाकीतही दाबाखालचा वायू उरलेला असतो.

राहिला घराचा प्रश्न. शेताशेजारी घर असलेले आमचे बरेच ओळखीचे आहेत. नेहमीच्या कामात, वाफसा धरून केलेल्या शेतातून घरापर्यंत फार तर क्षणभर वास येतो. खरा धोका वाहतुकीत आणि टाकी जोडताना-सोडवताना असतो.

वसंतातच का? आदल्या हंगामात का नाही?

खरं तर बरेच शेतकरी आदल्या नोव्हेंबरमध्येच अमोनिया देऊन मोकळे होतात. तेव्हा कापणी उरकलेली असते, माती कोरडी असते, हाताशी वेळ असतो. तरी शेतीतज्ज्ञ वसंताकडे बोट दाखवतात. त्याचं कारण चहाच्या गाळणीत आहे.

मातीला बिलगलेला अमोनियम गाळणीतल्या चहापत्तीसारखा असतो. कितीही पाणी ओता, तो वरच राहतो. पण मातीतले जिवाणू अमोनियम खातात आणि त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋणभार असतो, मातीचे कण त्याला धरत नाहीत. तो चहातल्या साखरेसारखा पाण्यात विरघळून गाळणीतून खाली उतरतो. मका नायट्रेट आवडीने घेतो, त्यामुळे हा बदल व्हायला हवाच. प्रश्न आहे तो केव्हा होतो याचा.

इथे विरजणाचा अनुभव कामी येतो. मे महिन्यात दही तीन-चार तासांत लागतं, डिसेंबरात रात्रभर ठेवूनही दूध तसंच राहतं. मातीतल्या या जिवाणूंचंही तसंच आहे. माती १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की ते मंदावतात. म्हणून पानगळीत अमोनिया द्यायचा असेल तर माती १० अंशांखाली जाऊन आणखी गार होत असतानाच द्यावा, असा नियम आहे. पण नोव्हेंबर अवचित उबदार निघाला किंवा मार्च लवकर तापला, तर विरजण लागतं. नायट्रेट तयार होतं आणि मका अजून बियाण्याच्या पोत्यातच असतो. मग एप्रिल-मेचा पाऊस ती साखर धुऊन नेतो. पाणी साचलेल्या शेतात आणखी एक नुकसान होतं. श्वासाला हवा न मिळालेले काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं.

मक्याची पेरणी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत चालते. त्याची खरी भूक जूनमध्ये उघडते. तुरा येईपर्यंत तो लागणाऱ्या एकूण नत्रापैकी जवळपास दोन तृतीयांश ओढून घेतो. वसंतात दिलेला अमोनिया या भुकेच्या महिना-दीड महिना आधी जमिनीत असतो, नोव्हेंबरमधला सात महिने आधी. ताट वाढायचं तर पंगत बसल्यावर वाढावं. हाच विचार पुढे नेऊन काही जण जूनमध्ये गुडघाभर मक्याच्या दोन ओळींमध्ये अमोनिया देतात. माझ्या मते सर्वांत शहाणपणाची वेळ तीच. पण तेव्हा पावसाने आठवडाभर शेतात पाऊल ठेवू दिलं नाही तर मका यंत्राखालून जाण्याच्या पलीकडे वाढतो आणि उपाशी राहतो. ही भीती खोटी नाही.

वसंतातही अडचणी आहेतच. ताज्या अमोनियाच्या पट्ट्यावर बी पडलं तर कोवळं मूळ जळतं. म्हणून खत आणि पेरणी यांत सात ते दहा दिवस ठेवतात, किंवा उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या ट्रॅक्टरने खताची रेषा आणि बियाण्याची ओळ वेगवेगळी ठेवतात. हे ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअरचं मुख्यालय इलिनॉयमधल्या मोलीनला आहे आणि तिचं मोठं तंत्रज्ञान केंद्र पुण्यात. या टूलबारमागच्या सॉफ्टवेअरविषयी इथल्या शेतकऱ्यापेक्षा मगरपट्ट्यातल्या एखाद्या मुलीला जास्त ठाऊक असेल.

याने जमीन मरत नाही का?

मामांनी चीर बोटाने उकरायला हात पुढे केला होता, तो मी मागे ओढला. मग ते म्हणाले, “एवढं जहाल टाकल्यावर गांडूळ कसं जगेल?” पट्ट्यातलं गांडूळ जगत नाही, हे खरं आहे. जिथे अमोनिया सुटतो तिथे माती काही काळ तीव्र अल्कधर्मी होते आणि तिथले सूक्ष्मजीव मरतात. पण तो पट्टा नांगरटीच्या थरातला लहानसा भाग असतो. आजूबाजूचे जीव काही आठवड्यांत पुन्हा तिथे वस्ती करतात. अमोनियाने जमीन सिमेंटसारखी कडक होते असंही लोक म्हणतात. कॅन्सासमध्ये वीस वर्षं एकाच शेतात चार वेगवेगळी नत्रखतं देऊन माती तपासली गेली. अमोनियाच्या तुकड्यातली माती इतरांपेक्षा कडक निघाली नाही. शेतं कडक होतात ती बहुधा ओल्या जमिनीवर घातलेल्या जड यंत्रांनी.

जे खरंच होतं, ते म्हणजे माती हळूहळू आम्ल होते. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं आणि किलोभर नत्रामागे ते मारायला सुमारे १.८ किलो चुनखडी लागते. हे युरियालाही तितकंच लागू आहे. त्यामुळे इथे काही वर्षांनी शेतात चुनखडीची भुकटी पसरणं नेहमीचं काम आहे.

आणि पाण्याचं काय?

या आक्षेपाला माझ्याकडे समाधान करणारं उत्तर नाही. आयोवा आणि इलिनॉयच्या सपाट काळ्या जमिनीखाली तीन-चार फुटांवर भोकं असलेल्या नळ्यांचं जाळं पुरलेलं आहे, जास्तीचं पाणी निघून शेत लवकर वाफशावर यावं म्हणून. त्या नळ्यांतून नायट्रेट थेट ओढ्यात आणि नदीत जातं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्राची मर्यादा आहे, मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी. जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. आयोवाची राजधानी डेमॉइन इथल्या पाणीपुरवठा यंत्रणेला नद्यांतलं नायट्रेट काढण्यासाठी वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. २०१५ मध्ये तिने वरच्या भागातल्या शेती-निचरा मंडळांवर खटला भरला. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये नायट्रेट इतकं वाढलं की तिथल्या लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली, कारण तेवढं पाणी शुद्ध करणं जमेना. त्या शहरात आपली कितीतरी कुटुंबं राहतात.

उरलेलं नायट्रेट मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. २०१७ च्या उन्हाळ्यात असं गुदमरलेलं पाणी २२,७०० चौरस किलोमीटरवर पसरलं होतं. आपला सर्वांत मोठा अहिल्यानगर जिल्हाही याहून लहान आहे. यातलं सगळं नत्र टाकीतलं नसतं. डुकरांचं शेण, युरिया, मातीतलं जुनं सेंद्रिय द्रव्य, सगळ्यांचा वाटा असतो. पण नोव्हेंबरात, पिकाच्या सात महिने आधी दिलेल्या अमोनियाला या बाबतीत माफ करणं मला जमत नाही.

आपल्याकडे हे का नाही?

रसायनशास्त्र आड येत नाही. आपली काळी माती अमोनियम धरून ठेवण्यात पटाईत आहे. पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगांतून वायू निसटतो. ऐन पेरणीच्या जूनमध्ये ती इतकी उबदार असते की विरजण भराभर लागतं, त्यामुळे अमोनियम म्हणून थांबून राहण्याचा फायदा लवकर संपतो. खरी अडचण पसाऱ्याची आहे. इलिनॉयमधलं सरासरी शेत साडेतीनशे एकरांहून मोठं आहे, महाराष्ट्रातलं दीड हेक्टरपेक्षा कमी. दाबाच्या टाक्या, शेकडो अश्वशक्तीचे ट्रॅक्टर, गावोगावी भरणा केंद्रं आणि प्रशिक्षित माणसं, हे सगळं दीड हेक्टरसाठी परवडत नाही. वस्ती इतकी दाट की बीच पार्कसारखी गळती आपल्याकडे कितीजणांना भोवेल, हा विचारही नको वाटतो. त्यात युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. मग अमोनिया कारखान्याच्या भिंतीआड राहतो, थळला, तुर्भ्याला, गोव्यात झुआरीनगरला, आणि शेतापर्यंत दाणे होऊनच येतो.

पण तो पुन्हा अमोनिया होतोच. युरिया ओल्या मातीवर पडला की मातीतलं एक विकर त्याचे तुकडे करून अमोनिया सुटा करतं. दाणे मातीआड असतील तर तो मातीच्या ओलीत अडकतो. वर उघडे असतील, ऊन असेल आणि पाऊस लांबला, तर उडून जातो. त्या वेळी त्याला कोंडायला फण नसतो, तबकडी नसते. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुलिंबाचं तेल चोळून येतो, त्याने विरजण थोडं उशिरा लागतं. पण उघड्यावरून उडणारा अमोनिया त्याने फारसा थांबत नाही.

जुलैत मामांचा सिल्लोडहून फोन आला. मका गुडघ्याला लागला होता आणि युरियाचा हप्ता द्यायचा होता. यंदा त्यांनी तो फेकला नव्हता. ओळीच्या कडेने बोट-दोन बोटं खोल रेघ ओढून त्यात दाणे सोडले आणि मागून कोळपं फिरवलं. मजुरी जास्त गेली, असं म्हणाले. मग विचारलं, “वास नाही आला, म्हणजे बसलं ना जमिनीत?” मी म्हटलं, “बसलं, मामा.”